एका लाजाळू मुलाची चौकशी

लग्नसराई आली हे हल्ली मला घरातल्या मोबाइलांवरून कळतं. पूर्वी ते कानाला कळायचं. मुलुंड पूर्वेला आम्ही राहायचो त्या रस्त्यावर एप्रिल लागला की भांडीवाल्याच्या दुकानातलं नावं घालायचं यंत्र किरकिरायला लागे. स्टीलचा डबा मांडीत धरून एक माणूस दिवसभर त्यावर कोणाची तरी नावं कोरत बसलेला असे. आमच्या शाळेचं सभागृह मे महिन्यात लग्नांना भाड्याने जायचं. त्यामुळे शेवटचा पेपर संपतो न संपतो तोच बाकं व्हरांड्यात रचली जायची. आठवी अ मध्ये वरपक्ष उतरायचा आणि आठवी ब मध्ये नवरी साडी नेसायची. फळ्यावर परीक्षेचे आसनक्रमांक तसेच असायचे. गुलाबपाण्याचा, घामाचा आणि नव्या नायलॉनच्या साड्यांचा वास जून उजाडला तरी वर्गांतून जायचा नाही.

परवा रविवारी सकाळी नात लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसली. तिच्या मोठ्या भावाचं नाव लग्नाच्या कुठल्याशा साइटवर घालायचं चाललं होतं.

"आजोबा, दादाचा स्वभाव लिहायचाय. इन्ट्रोव्हर्ट टाकू?"

"आहे का तो तसा?"

"छे! मित्रांत बघा त्याला, कान किटतात. घरी तोंड उघडत नाही एवढंच. पण इन्ट्रोव्हर्ट लिहिलं ना, की मुलगा एकदम डीप वाटतो."

सून स्वयंपाकघरातून हसली. मी म्हटलं, "जे आहे ते लिही. नाहीतर काही लिहू नकोस."

आवाज बहुधा चढला असावा. सून बाहेर येऊन म्हणाली, "अहो बाबा, त्यात एवढं काय?"

त्यात एवढं काय आहे, हे मी चाळीस वर्षं कोणाला सांगितलेलं नाही.

मी इंग्रजीचा मास्तर. मराठी शाळेत इंग्रजी शिकवत आयुष्य गेलं. माझ्या वर्गातल्या प्रत्येकाच्या शब्दार्थवहीत पानावर तीन रकाने आखलेले असत. डावीकडे शब्द, मध्ये अर्थ आणि उजवीकडे वाक्यात उपयोग. 'शाय' हा शब्द सहावीच्या पुस्तकात यायचा. मध्ये मुलं लिहायची 'लाजाळू', आणि उजवीकडे पन्नासपैकी चाळीस वह्यांत एकच वाक्य असायचं: नवी नवरी शाय आहे. मी सांगायचो, अरे, मुलगासुद्धा शाय असू शकतो. मुलं फिदीफिदी हसायची. "सर, मुलगा कसा लाजेल?"

त्यांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे लाजाळू म्हणजे एक तर झाड, नाहीतर मुलगी. पुरुष गप्प असला तर त्याच्यासाठी दुसरे शब्द आहेत. कोणी बुजरा म्हणतं, कोणी मुखदुर्बळ, आणि सासरच्या बायका दबक्या आवाजात म्हणतात 'घुमा'. या प्रत्येक शब्दाला घराचा वास आहे. तो उच्चारला की समोरचा माणूस लगेच विचारतो, का रे बाबा, काय झालं त्याला? इंग्रजी शब्द मात्र धोब्याकडून आल्यासारखा इस्त्री करून येतो. त्याला वास नसतो. मी तो सराईतपणे वापरायला शिकलो होतो आणि त्याचा मला अभिमान होता.

चाळीत आमच्या शेजारी सावंत राहायचे. काकी मालवणकडच्या. मी गावाहून एकटा नोकरीला आलो तेव्हापासून त्यांनी मला परका म्हणून कधी वागवलं नाही. भाकरी थापताना त्या भिंतीवर थाप मारायच्या. ती थाप म्हणजे जेवायला ये. टायफॉइडने मी महिनाभर पडलो तेव्हा माझ्या कपाळावरच्या घड्या त्यांनी बदलल्या. त्यांचा एकुलता मुलगा विलास माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. छापखान्यात बाइंडिंगला होता. पुस्तकाची शिवण घालताना त्याचे हात बघत राहावेत असे चालायचे.

चोविसाव्या वर्षी विलास बोलेनासा झाला. आधी कामावर जाणं सुटलं, मग जेवण. तासन् तास भिंतीकडे तोंड करून बसायचा. भर दुपारी उठून अनवाणी मिठागरांकडे चालत जायचा आणि मिठाच्या पांढऱ्या ढिगांमध्ये उभा राहायचा. तिथे काम करणारी माणसं त्याला हाताला धरून परत आणून सोडायची. शेवटी एका सकाळी काका, मी आणि विलास टॅक्सीत बसलो आणि ठाण्याच्या इस्पितळात गेलो. कुठलं इस्पितळ ते मुलुंडमध्ये कोणाला समजावून सांगावं लागायचं नाही. वाटेत चेकनाक्यापासून त्याने माझ्या शर्टाची बाही मुठीत धरली होती. आत नेताना ती सोडवावी लागली. ती मीच सोडवली, एकेक बोट करून.

चार महिने चाळीत सांगितलं गेलं, "गावाक गेलोहा." चाळीतल्या सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळे "कधी येतोय?" असं विचारत होते.

तो परत आला तेव्हा अंगाने सुटला होता, हात थोडे थरथरायचे, पण हसायचा. कागदाच्या पुडीत गोळ्या होत्या, सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या. हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्या गोळ्यांनी तो बरा होता. छापखान्यात पुन्हा जाऊ लागला. माझ्या शब्दकोशाची निखळलेली पाठ त्याने त्याच दिवसांत बांधून दिली. पण काकींच्या डोक्यात एकच होतं. "लग्न झाला की सुधारतलो बघ. बायल इली की माणूस जाग्यार येता." आणि घरात मुलीकडची माणसं येणार म्हणून त्या पुड्या आधी कपाटावर गेल्या, मग पिठाच्या डब्यामागे, आणि मग मिळेनाशा झाल्या. त्या बाईला मी दोष देत नाही. ती घाबरली होती. मी घाबरलो नव्हतो. म्हणून स्वतःला दोष द्यायला मला जागा उरते.

पंच्याऐंशीच्या सुमाराची ती लग्नसराई. चेंबूरच्या राण्यांची मुलगी मंगल सांगून आली होती. बघण्याचा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी विलास माझ्या दारात उभा राहिला. मी पेपर तपासत होतो. तो बराच वेळ चौकटीला हात लावून उभा होता. मग म्हणाला,

"सर, मला लग्न नको. त्यांना सांगा."

एवढं लांब वाक्य तो तेव्हा महिन्यातून एखादं बोलायचा. मी पेन खालीही ठेवलं नाही.

"अरे, सगळ्यांना असंच वाटतं सुरुवातीला. लाजतोस काय वेड्यासारखा!"

वेड्यासारखा, हा शब्दसुद्धा माझ्या तोंडून त्याच्यासमोर गेला. त्याने मान हलवली आणि निघून गेला. त्या सबंध उन्हाळ्यात मुलुंडपासून चेंबूरपर्यंत खरं बोललेला माणूस तो एकटा.

तेव्हा चौकशीची एक रीत होती. मुलगी द्यायची म्हटलं की मुलीचा बाप मुलाच्या घरच्यांना काही विचारत नसे. तो कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारी, चाळीतल्या जुन्या माणसाला विचारी आणि जवळपास शाळा असेल तर मास्तरांना विचारी. मास्तरांचं उत्तर शेवटचं. वाणी गिऱ्हाईक सांभाळतो, शेजारी शेजार सांभाळतो, मास्तराला कोणाचं काय पडलंय, असा हिशेब. काकींना हे माहीत होतं. आदल्या रात्रीच त्या म्हणाल्या होत्या, "मास्तरा, तुझ्या शब्दार सगळा आसा. तू फक्त बरा सांग." मी "बरं" म्हटलं. भाकरीसाठी भिंतीवर थाप मारणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं, हा विचार मी त्या वेळी फार मोठा मानला होता.

राणे मधल्या सुट्टीत शाळेत आले. चेंबूरच्या एका कारखान्यात फिटर होते. अर्धी रजा टाकून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, आणि मुलांचे पालक शिक्षकासमोर उभे राहतात तसे उभे होते. मी बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेला बसले.

"सर, घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत. पण मुलगा एक शब्द बोलला नाही हो. मंगलनं विचारलं, वाचायला आवडतं का, तर नुसता जमिनीकडे बघत राहिला. आमची ही म्हणते, घुमा दिसतो."

"व्यसन-बिसन अजिबात नाही," मी म्हणालो. त्यांनी ते विचारलंच नव्हतं.

"ते वाण्यानं सांगितलं. मला दुसरंच विचारायचं होतं." ते पुढे सरकले. "काही दुखणं वगैरे तर नाही ना सर? मुलगी माझी शिकलेली आहे. एकच मुलगी, तिच्या पाठीवर एक भाऊ. तुम्ही सांगाल ते मी मानणार."

याहून सरळ प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नाही.

मी म्हणालो, "तो शाय आहे हो."

"म्हणजे?"

"म्हणजे... सभ्य. भिडस्त. कोणाच्या अध्यात ना मध्यात. हल्ली अशी मुलं मिळतात कुठे?"

लाजाळू म्हटलं असतं तर राणे हसले असते आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता. इंग्रजी शब्दाला त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यांचा चेहरा निवळला. तो शब्द त्यांनी दोनदा हळूच म्हणून बघितला, नवीन बूट पायात चढवून बघावा तसा. मग म्हणाले, "लिहून देता का? मंगलला दाखवतो. तिला इंग्रजी येतं." मी आठवीच्या पेपरांतलं एक कोरं पान फाडलं आणि मुलांच्या चुकांवर रेघा मारायच्या त्याच लाल पेनाने तो शब्द लिहून दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि जाताना माझ्या पाया पडायला वाकले. वयाने ते माझ्याहून बारा वर्षं तरी मोठे होते. मी त्यांना मधेच धरलं. तेवढीच लाज शिल्लक होती म्हणायची.

लग्न आमच्याच शाळेच्या सभागृहात झालं. मेचा तिसरा आठवडा, पंखे गरम वारा खाली ढकलत होते. सरबतात घालायच्या बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून दारापाशी ठेवली होती आणि तिचं पाणी वाहत अक्षतांपर्यंत आलं होतं. विलास घामाने भिजून उभा होता आणि मुंडावळ्यांमागे त्याचे डोळे कोणाला शोधत होते ते मला कळत होतं. मी खांबाच्या पलीकडे गेलो. राणे पाहुण्यांमधून फिरत सांगत होते, "जावई आमचे फार शाय आहेत. सर स्वतः म्हणाले." बायका कौतुकाने माना डोलावत होत्या. माझ्याकडे बोट दाखवलं जात होतं. मी जिलबी घेतली नाही, एवढंच काय ते माझं प्रायश्चित्त.

गणपतीपर्यंत विलास पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. गोळ्या बंद होऊन पाच महिने झाले होते. रात्रीचं जेवणाचं ताट तसंच परत जायचं. दुपारी मंगल मिठागरांच्या वाटेवर डोक्यावर पदर धरून त्याच्यामागे चालत जाताना दिसायची. नवी नवरी होती ती. हिरव्या चुड्याचा रंग अजून उतरला नव्हता.

दिवाळीच्या आधी ती माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली. हातात तो कागद होता.

"सर, हे अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं का?"

पलीकडच्या गॅलरीत काकी करंज्यांसाठी खोबरं किसत होत्या. किसणीचा आवाज थांबला. मी त्या थांबलेल्या आवाजाकडे बघितलं आणि मंगलला म्हणालो, "मला तरी तो नुसता शायच वाटला होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. बावीस वर्षांची मुलगी, पण तिच्या नजरेत चिडणं नव्हतं. काहीतरी मोजून झाल्यासारखं होतं. "बरं," म्हणाली आणि गेली. किसणी पुन्हा सुरू झाली.

पुढच्या वर्षी मला बोरिवलीत जागा मिळाली आणि मी मुलुंड सोडलं. शाळा लांब पडते म्हणून बदली मागून घेतली, असं मी सांगायचो. जागा मीच शोधली होती. शब्दार्थवहीतल्या 'शाय'पाशी आलो की मी दरवर्षी अर्थ फळ्यावर लिहून पुढे सरकायचो. वाक्य कोणाला विचारायचो नाही. लोक माझ्याविषयी म्हणायचे, सर भिडस्त आहेत, कोणाला दुखवत नाहीत. भीड म्हणजे चांगुलपणा अशी माझीही समजूत होती. पण मी काकींची भीड धरली तिची झळ तिसऱ्याच घराला लागली. मला तिची साधी आचही लागली नाही.

रविवारच्या त्या प्रसंगानंतर मी जुन्या शेजाऱ्यांना फोन करत पत्ता काढला. काका-काकी कधीच गेले होते. विलास आणि मंगल चारकोपला सेक्टरमधल्या एका खोलीत राहतात. बोरिवलीहून रिक्षाने वीस मिनिटं. इतकी वर्षं माझ्यापासून वीस मिनिटांवर.

दार विलासने उघडलं. केस पांढरे, हातात झारी.

"सर? जाड झालात की!" म्हणाला आणि खिडकीतल्या कुंड्यांकडे वळला.

मंगल आतून आली. चष्मा पुसत माझ्याकडे नीट बघितलं आणि "बसा" म्हणाली. मी बसलो नाही. रिक्षात पाठ करून आणलेलं सगळं विसरलो.

"मंगल, मला माहीत होतं. ठाण्याला त्याला सोडायला मीच गेलो होतो."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"लग्नानंतर पंधराएक दिवसांत. ह्यांनीच सांगितलं. सरांची बाही धरली होती म्हणाले."

"मग दिवाळीत तू मला विचारायला..."

"खरं सांगता का बघायला आले होते." ती सांगताना आवाज चढवत नव्हती, आणि त्यामुळे मला कुठे बघावं कळेना. "गणपतीत मी माहेरी गेले होते सर. बाबांना सगळं सांगितलं. म्हटलं, मला इथे ठेवून घ्या, नाहीतर निदान ह्यांना डॉक्टरकडे न्यायला माझ्याबरोबर चला. बाबा म्हणाले, सर खोटं सांगतील का? तुला नांदायचं नाही, म्हणून चांगल्या मुलाला वेडा ठरवतेस. भाऊसुद्धा तेच म्हणाला. तुम्ही फक्त हो म्हणायचं होतं. मी बाबांना तुमच्या दारात आणून उभं केलं असतं. तुम्ही परत तोच शब्द म्हणालात."

खिडकीत विलास पाण्याचे थेंब मोजल्यासारखा झारी वाकडी करत होता.

पुढचं तिनेच केलं. एकटीने त्याला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या, सासूशी भांडून सुरू ठेवल्या, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. तो चाळीस वर्षं बहुतेक बरा आहे. मला क्षणभर वाटलं, म्हणजे शेवटी चांगलंच झालं. पण तो विचार तोच जुना मास्तर करत होता. तिने केलं ते तिचं. माझं खोटं त्याने खरं होत नाही.

"मला माफ कर असं म्हणायला आलोय," मी म्हणालो.

"मला नका म्हणू. मी माझं निभावलं." तिने झारी विलासच्या हातातून घेतली. "बाबा जाईपर्यंत म्हणत होते, मंगलनं सासरच्यांची बदनामी केली. भाऊ, सुरेश, अजून तेच समजतो. त्या दिवाळीपासून मला भाऊबीजेला बोलावणं नाही. त्याला सांगा, सांगायचंच असेल तर."

मी दुसऱ्याच दिवशी चेंबूरला गेलो. सुरेश तिचा धाकटा भाऊ, लग्नात बर्फाची लादी खांद्यावरून आणणारा मुलगा. आता तोही निवृत्त. माझं नाव सांगितल्यावर त्याने लगबगीने पंखा लावला, बायकोला हाक मारली. "अगं, ताईच्या लग्नातले सर आलेत!"

मी त्याला उभ्यानेच सांगितलं. इंग्रजी एक अक्षर वापरलं नाही. म्हटलं, विलास लग्नाआधी आजारी होता, मला माहीत होतं, तुझ्या वडिलांनी मला विचारलं आणि मी लपवलं. तुझ्या बहिणीने घरी येऊन सांगितलं तो शब्द न् शब्द खरा होता.

त्याची बायको पाण्याचा पेला घेऊन तशीच थांबली. सुरेश खाली बसला. त्याने हाताच्या बोटांवर वर्षं मोजली.

"मी तिला त्या भाऊबीजेला दारातून परत पाठवली," तो म्हणाला. "बाबा आत होते. ओवाळायचं ताट होतं तिच्या हातात. मी म्हटलं, आधी सरांची माफी माग."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"सर, तुम्ही जा आता," तो म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला होता आणि बायकोकडे बघत होता. "हिच्याकडे ताईचा नंबर आहे. मला तिला फोन करायचाय."

मी बाहेर पडलो. माझ्यामागे दार लागलं. आत पहिला शब्द तो काय बोलतो, हे मला ऐकायचं होतं. जिन्यात न थांबता मी खाली उतरलो.